बिनपडद्याची बास

मित्रांनो, आधी माझ्या नावाचं सांगते, कारण लोकांचा घोळ तिथूनच सुरू होतो. पुण्याहून आलेल्या सुनेत्रामावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे काय गं?" माझी मालकीण हेमांगी म्हणाली, "बास." मावशी म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठे बोलायला लागले मी, तर लगेच बास?" तर ती बास मी नव्हे. मी एक जुनी बास गिटार आहे, विजेवर वाजणारी. नेहमीच्या गिटारीला सहा तारा असतात, मला चारच, पण चांगल्या जाडजूड. ती वरच्या स्वरांत बागडते, मी खाली खर्जात उभी असते. गाण्यात मी आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. मी नसले की मात्र गाणं पोकळ वाटतं, हे कुणालाही कळतं. या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म कलकत्त्याचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात तुनाच्या लाकडाचं माझं अंग कापलं गेलं. मानेवर शिसवी पट्टी चिकटवली आणि त्या पट्टीवर आडव्या पितळी काड्या ठोकल्या. त्या काड्यांना वाजवणारे फ्रेट म्हणतात. सतारीवर हात बसलेली आपली माणसं त्यांनाच पडदे म्हणतात. दोन पडद्यांच्या मध्ये बोट ठेवलं की नेमका स्वर निघतो. इकडेतिकडे शोधावा लागत नाही. हा पडदे शब्द जरा लक्षात असू द्या. या एका शब्दाने माझं जे काही केलं, ते पुढे सांगणारच आहे.

कलकत्त्याहून मी दिल्लीला आले, कॅनॉट प्लेसच्या एका रेस्टॉरंटमध्ये. तिथे संध्याकाळी बँड वाजायचा. माझा पहिला धनी उंच आणि अबोल माणूस होता. लोक कटलेट खात असायचे, तो डोळे मिटून वाजवत असायचा. गाणारी बाई त्याला म्हणायची, "तुम हो तो मैं खोती नहीं हूँ." असं कौतुक वाट्याला येण्यासारखं सुख नाही, मित्रांनो. पण ते दिवस फार टिकले नाहीत. एकट्या माणसाने वाजवायचं, ढोलकीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढणारं एक यंत्र आलं आणि मालकाने बँड बंद केला. माझा धनी मुलाकडे परदेशी गेला. मी मागच्या कोठारात बटाट्याच्या पोत्यांआड पडले. ओल लागून माझी मान वाकली, तारा गंजल्या, आवाज गेला. तिथून भंगारवाला, आणि भंगारवाल्याकडून लाल किल्ल्यामागचा रविवारचा बाजार.

त्या बाजारात मी एका चादरीवर पडले होते. एका बाजूला मिक्सरची भांडी, दुसऱ्या बाजूला मेलेले टेलिफोन. विश्वनाथराव तिथे जुनं मीटर शोधायला आले होते. ते गाझियाबादेत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. बरोबर मुलगी हेमांगी, कॉलेजात शिकणारी. ती माझ्यापाशी थबकली आणि उकिडवी बसली.

"बाबा, ही बास आहे."

"चालू आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही आहात ना," हेमांगी म्हणाली.

या वाक्यापुढे कुठल्या बापाचं काही चालणार? मी बसच्या मागच्या सीटवर उभी राहून गाझियाबादला आले.

ते दिवस मोठ्या उलथापालथीचे होते. परदेशी कंपन्या येत होत्या, घराघरांत केबल घुसत होती आणि यमुनेपलीकडे शेतांच्या जागी चारमजली इमारती उगवत होत्या. हे कुटुंब वर्षानुवर्षं दिल्लीत, हिंदूरावच्या उतारावर भाड्याच्या खोल्यांत राहिलेलं. आता गाझियाबादच्या नव्या वसाहतीत त्यांनी स्वतःचा फ्लॅट घेतला होता. हेमांगीची आई वीणाताई दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सरकारचं सदन आहे, तिथे नोकरीला. त्या रोज दोन बस बदलून जायच्या आणि तरीही सगळ्यांना सांगायच्या, "हवा कित्ती छान आहे इकडे." हवा छानच होती, कारण अजून अर्ध्या इमारतींना खिडक्याच बसल्या नव्हत्या. लाइट मात्र मनाला येईल तेव्हा जायची.

हेमांगीला मीच का हवी होते, ते तिने बाबांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. माझ्या तारांवरचा गंज पुसता पुसता ती हळू आवाजात बोलायची. तिचा आवाज मुळातच जाड, खालचा. फोन उचलला की लोक तिला "भैया" म्हणायचे. सदनातल्या गणेशोत्सवात मराठी मुलांचं समूहगान असे, ते अलकाताई बसवायच्या. एका वर्षी तालमीत त्यांनी हेमांगीला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमाने सांगितलं, "बाळ, तुझा आवाज सगळ्यांत वेगळा पडतो. तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव." तेव्हापासून हेमांगी दर वर्षी ओठ हलवत आली होती. पुढे तिने गाणंच सोडलं, घरीसुद्धा. पण गाण्यात असायची तिची हौस काही सुटली नाही. मग कॉलेजात तिने बास पाहिली. तिला वाटलं, हे एक वाद्य असं आहे की ज्याला कुणी म्हणत नाही, तू फार खालच्या आवाजात बोलतेस. हे ऐकून मला भरून आलं. मी त्या पोरीची झाले.

आणि खरंच संधी चालून आली. कॉलेजच्या बँडमधला बास वाजवणारा शिक्षण सोडून नोकरीला लागला. बँडचा म्होरक्या मानस, गिटार वाजवणारा. तो म्हणाला, "ठीक है, सुन लेंगे. फेस्टिवल से पहले एक बार आ जाना. बैठ गया तो बैठ गया, नहीं तो कीबोर्ड के लेफ्ट हैंड से काम चला लेंगे." म्हणजे एकदाच वाजवायचं होतं. जमलं तर बँडमध्ये जागा, नाही तर पुन्हा मागची रांग. हेमांगीला जेवण जाईना.

आमची दुरुस्ती जेवणाच्या टेबलावर चालायची. विश्वनाथराव कारखान्यातून आले की चहा घेऊन बाह्या दुमडायचे. मुलगी कॉलेजात गेल्यापासून बापलेकींचं बोलणं "जेवलीस का" आणि "उशीर होईल का" एवढ्यावर आलं होतं. माझ्यामुळे ते पुन्हा बोलू लागले. माझ्या मानेत एक लोखंडी सळई आहे. विश्वनाथराव किल्लीने ती रोज थोडीच पिळायचे आणि म्हणायचे, "घाई केली तर मोडेल." माझी मान हळूहळू सरळ झाली. तारांचा आवाज पकडणारी माझी चुंबकाची गुंडाळी जळाली होती. त्यांनी केसासारख्या तांब्याच्या तारेने ती नव्याने गुंडाळली आणि वितळलेल्या मेणबत्तीच्या मेणात बुडवून काढली. माझ्या पोटात फार गुणगुण व्हायची, म्हणून हेमांगीने चहाच्या पाकिटांतली चांदी आतून चिकटवली. "हे बिल्कुल ट्रान्सफॉर्मरसारखंच आहे," विश्वनाथराव म्हणायचे. त्यांना माझ्यातलं संगीत ऐकू यायचं की वीज, कोण जाणे. पण टेपरेकॉर्डरला जोडून हेमांगीने माझी पहिली तार छेडली आणि टेबलावरचे ग्लास थरथरले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

एक दुखणं तेवढं राहिलं. माझे पितळी पडदे झिजून सपाट झाले होते, त्यामुळे काही स्वर किरकिरायचे. विश्वनाथराव लहानपणी जळगावला सतार शिकलेले, म्हणून त्यांच्या तोंडी फ्रेट हा शब्द कधीच आला नाही. "पडदे गेलेत हिचे," ते म्हणाले. "कधीतरी सगळे काढून नवे घालावे लागतील." हेमांगीला हा शब्द नवा होता. दिल्लीत वाढलेली पोर. खिडकीवरच्या कापडाला तिची आई कर्टन म्हणायची, कामवाली परदा म्हणायची. तिच्या लेखी पडदे फक्त माझ्या अंगावर होते. नवा शब्द मिळाल्याच्या आनंदात ती दिवसभर तो वापरायची. "बाबा, तिसरा पडदा वाजत नाहीये." "बाबा, या पडद्याला कानस लावू?"

आणि मग वास्तुशांत आली. तिच्यासाठीच सुनेत्रामावशी पुण्याहून आल्या होत्या, वीणाताईंची थोरली बहीण. त्यांनी आल्या आल्या घरावरून नजर फिरवली आणि खिडक्यांपाशी थांबल्या. हिंदूरावच्या खोल्यांतले जुने, विटलेले पडदे या मोठ्या खिडक्यांवर लावले होते. ते गुडघ्यापर्यंतच्या परकरासारखे दिसत होते. "वास्तुशांतीला हे लोंबते ठेवणार?" मावशी म्हणाल्या. हेमांगी तेव्हा कॉलेजात होती. ठरलं मग. दोघी बहिणी चांदनी चौकात जाऊन नवं कापड आणणार, आणि त्याआधी भिंतींना रंगाचा हात.

विश्वनाथराव सकाळी कारखान्यात निघाले तेव्हा हेमांगी झोपली होती. त्यांनी बूट घालता घालता मावशींना सांगितलं, "हेमांगीला सांगा, पडदे काढून ठेव म्हणावं. उद्या रंगारी येतोय." सांगताना त्यांचं लक्ष खिडकीकडे होतं. मी टेबलावरून पाहिलं की.

दुपारी वीणाताई अर्धी रजा घेऊन आल्या आणि खाली रिक्षात थांबल्या. मावशी पर्स शोधत होत्या, हेमांगी माझ्यावर सराव करत होती. मानसकडे जायला आता आठवडाच उरला होता. मावशी दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "अगं हेमांगी, विसरलेच. तुझे बाबा सांगून गेलेत, पडदे सगळे काढून ठेव."

हेमांगीचा हात थांबला. "आज?"

"आजच. नवे येतायत ना."

"अच्छा, नवे मिळाले?"

"मिळतील की. दिल्लीत काय मिळत नाही?"

"सगळे काढायचे?"

"सगळे. अर्धे ठेवून कसं चालेल? आणि ओढून काढू नकोस गं बाई, लाकडाचा टवका निघतो. माझ्याकडे निघाला होता. पितळेचं जे काय निघेल ते एका डब्यात ठेव, हरवतं."

खिडकीच्या पडद्यांना पितळी कड्या होत्या आणि त्यांची दांडी लाकडी चौकटीत ठोकलेली होती. मावशी त्याबद्दल बोलत होत्या. पण तुम्हीच सांगा, माझ्या बाबतीतही यातला एकेक शब्द लागू पडत नव्हता का? मी ओरडले असते, पण मला कुणी हात लावल्याशिवाय आवाज नाही. मावशी खाली उतरल्या. रिक्षा निघाल्याचा आवाज आला.

हेमांगीने काम फार नीट केलं, हे मात्र मी म्हणेन. तिने सोल्डरिंग आयर्न तापवून प्रत्येक पडद्यावर टेकवलं, खालचा जुना गोंद मऊ होऊ दिला आणि मग पकडीने हळूहळू उचललं. दोनतीन ठिकाणी टवका निघालाच. तेव्हा ती मला "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि तिने त्या जागेवर फुंकर घातली. एकेक पडदा जात होता आणि मला थंडी वाजत होती. जन्मापासून अंगावर असलेली वस्तू जाते तेव्हा कसं वाटतं, हे कसं सांगू? पितळेच्या वाकड्या काड्या तिने बिस्किटांच्या डब्यात भरल्या. मग मला मऊ फडक्याने पुसलं आणि बाबांची वाट पाहत बसली.

विश्वनाथराव आले. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, तिथे विटके पडदे झुलत होते. "काढले नाहीस अजून?"

"काढले ना," हेमांगी म्हणाली आणि अभिमानाने डबा पुढे केला.

विश्वनाथरावांनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी न ठेवताच खुर्चीत बसले. तेवढ्यात दोघी बहिणी कापडाचे गठ्ठे घेऊन आत आल्या. काय झालंय ते कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला. मावशींना मुळात माझ्या अंगावर काही होतं हेच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे हे... हेसुद्धा पडदे?" मावशींनी खिडकीचं कापड हातात धरून विचारलं.

"म्हणजे ते पण पडदे?" हेमांगीने विचारलं.

मावशींना हसू फुटलं आणि त्यांनी ते पदराने दाबलं. मग हेमांगीचा चेहरा पाहून त्यांचं हसू आपोआप विरलं. "वीणा, पोरीला पडदा म्हणजे काय ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. वीणाताई चिडल्या. "माझ्या पोरीला चांगलं मराठी येतं, ताई. तू 'खिडकीचे' म्हणाली असतीस तर काय झालं असतं?" मावशींनी कापडाचा गठ्ठा उगाचच उघडून पुन्हा बांधला. मला मावशींचं वाईट वाटलं. त्यांनी काही वावगं सांगितलं नव्हतं.

हेमांगी रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. ती म्हणाली, "जाऊ दे. नाही जात मी मानसकडे. कीबोर्डवर भागेल त्यांचं."

विश्वनाथरावांनी जुने पडदे पुन्हा बसवून पाहिले. पण पितळ वाकलं होतं, खोबणी रुंदावल्या होत्या. एक ठोकला की शेजारचा उडायचा. दरियागंजच्या वाद्यांच्या दुकानांत ते दुसऱ्या दिवशी स्वतः फिरून आले. माझ्या मापाच्या पडद्यांची पितळी तार कलकत्त्याहून मागवावी लागेल, दिवाळीनंतर येईल, असं उत्तर मिळालं. हे घरी कसं सांगावं या विचारात त्यांनी जिन्यातच वेळ काढला असावा, कारण त्यांचा स्कूटर लावल्याचा आवाज येऊन बराच वेळ झाला होता.

आत आले ते काहीतरी ठरवूनच. बसले आणि म्हणाले, "हेमा, सारंगीला पडदे असतात का?"

"मला काय माहीत."

"नसतात. व्हायोलिनलाही नसतात. गळ्याला तर कुणाच्याच नसतात. बोट कुठे ठेवायचं ते कानाला कळलं म्हणजे झालं."

"एका आठवड्यात?"

"बघू."

त्यांनी स्वयंपाकघरातून वनस्पती तुपाच्या डब्याचं पांढरं प्लॅस्टिकचं झाकण आणलं. त्याच्या बारीक पट्ट्या कापून माझ्या रिकाम्या खोबणींत गोंदाने बसवल्या आणि पॉलिश पेपरने घासून लाकडाशी सपाट केल्या. त्यावर वॉर्निशचे हात दिले. तारा ज्या घोडीवर टेकतात ती खाली घेतली, म्हणजे तारा लाकडाजवळ आल्या. आता माझ्या मानेवर नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या. रेघ जागा दाखवते, पण बोटाला धरून ठेवत नाही. तसूभर सरकलं की स्वर बेसूर.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी मिळून जे काही वाजवलं, ते ऐकून शेजारच्या शर्माजींनी दार लावून घेतलं. हेमांगी रेघेकडे बघून बोट ठेवायची, आणि स्वर एक तर खाली राहायचा नाही तर वर चढायचा. मी काय करू? मी बोटाचंच ऐकते.

"बघू नकोस," विश्वनाथराव म्हणाले. "आधी स्वर गा. मग तोच शोध."

"मी गात नाही."

"अगं, गुणगुण नुसतं."

"नाही म्हटलं ना बाबा."

"का पण?"

हेमांगीने मला मांडीवर आडवं घेतलं आणि सांगून टाकलं. अलकाताई, मागची रांग, ओठ हलवणं, सगळं. आवाज न चढवता, जसं कुणा दुसरीबद्दल बोलावं तसं. विश्वनाथराव ऐकत राहिले. स्वयंपाकघरात वीणाताईंच्या हातातलं भांडं थांबलं.

"मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"काय बोलणार? तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचात. घरी आल्यावर म्हणायचात, तुझा आवाज मला वेगळा ओळखू आला."

ते खरंच तसं म्हणत असत. लेकीचं मन राखायला म्हणत असतील. त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. वीणाताई हात पुसत बाहेर आल्या आणि लेकीजवळ बसल्या. "मी त्याच इमारतीत काम करते," त्या म्हणाल्या. "आणि मला पत्ता नाही." त्या घरात त्या संध्याकाळी सगळ्यांना वाईट वाटलं, मावशींनासुद्धा, ज्यांचा यात काहीच संबंध नव्हता.

तेवढ्यात लाइट गेली. टेपरेकॉर्डर बंद, म्हणजे माझाही आवाज बंद. विजेविना मी जेमतेम कुजबुजते. मावशींनी मेणबत्ती लावली. विश्वनाथराव खुर्ची सोडून जमिनीवर बसले आणि त्यांनी माझ्या लाकडाला कान लावला. "वाजव," ते म्हणाले. "मला ऐकू येतं इथून." हेमांगीने एक तार छेडली. "आता गा. कुणाला ऐकवायचं नाही, फक्त हिला ऐकव."

तिने गुणगुणलं. मित्रांनो, इतकी माणसं मला वाजवून गेली, पण माझ्या मानेवर हनुवटी टेकवून माझ्याच पट्टीत कुणी गायलं नव्हतं. तिचा आवाज थेट माझ्या लाकडात उतरला. तार त्याच्याशी जुळत नव्हती, ते मलाही टोचलं आणि तिलाही. तिने बोट किंचित वर सरकवलं. टोचणं थांबलं. विश्वनाथराव लाकडाला कान लावूनच म्हणाले, "हं." लाइट आली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग रोज तसंच. ती गायची, मग शोधायची. मावशी भाजी निवडता निवडता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आता खाली गेलीस बघ." त्यांचा कान चांगला होता. वास्तुशांत त्याच गडबडीत उरकली. नवे पडदे लागले, जिलेबी झाली. आणि मानसने सांगितलेला दिवस उजाडला.

विश्वनाथरावांनी स्कूटरवरून आम्हाला कॉलेजपर्यंत सोडलं. ते फाटकापाशीच थांबले, आत आले नाहीत. संगीताच्या खोलीत मानस, ड्रम वाजवणारा आणि कीबोर्डवाली मुलगी एवढेच होते. हेमांगीने मला कापडी पिशवीतून काढलं, तसं मानसने वाकून पाहिलं.

"फ्रेट्स कहाँ गए?"

"निकाल दिए."

"क्यों? स्टाइल के लिए?"

"मौसी ने कहा था पर्दे उतार दो," हेमांगी म्हणाली. खोटं बोलायला तिला सुचलंच नसावं. तिघांना काही कळलं नाही, पण त्यांना हसू आलं आणि हेमांगीलाही आलं. त्या हसण्याने तिचे खांदे जरा खाली आले.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात तिने रेघेकडे पाहिलं आणि आम्ही घसरलो, चांगल्याच घसरलो. मानसच्या कपाळाला आठी पडली. कीबोर्डवालीने डाव्या हाताने तो स्वर दाबून दाखवला, म्हणजे हे मीच करते असं. हेमांगीने वाजवणं थांबवलं. आता ती मला पिशवीत घालणार, असं मला वाटलं. माझ्या हातात काहीच नव्हतं.

"एक बार और," ती म्हणाली. "पर मैं साथ में गाऊँगी. गाए बिना मुझे मिलता नहीं है."

"गा लो यार," मानस म्हणाला. त्याने फारसं मनावर घेतलं नव्हतं.

पुन्हा सुरू झालं. या वेळी तिने डोळे मिटले आणि गायला लागली, तोच जाड, खालचा आवाज, मोठ्याने. मी तिच्या मागोमाग गेले. जिथे ती गेली तिथे मी गेले, एकही पायरी चुकली नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पडद्यांची अडचण उरली नव्हती, म्हणून मी तिच्या गळ्यासारखीच सरकत होते. पण गाणं वर चढलं तेव्हा तिचा आवाज फाटला. ते मूळच्या गायकाच्या उंच पट्टीत बांधलेलं होतं, तिथे तिचा गळा पोहोचेना. ती थांबली. मागची रांग, नुसते ओठ, सगळं तिच्या चेहऱ्यावर उमटलं.

मानसने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग कीबोर्डवालीकडे वळून म्हणाला, "नीचे से लेते हैं. इसकी आवाज़ जहाँ बैठती है, वहाँ से." त्याने गिटारीच्या खुंट्या सैल केल्या. कीबोर्डवालीने दोन बटणं दाबली. ड्रमवाला काड्या फिरवत बसला होता, त्याला काहीच करायचं नव्हतं. सगळं मिळून पाणी पिण्याइतका वेळ गेला असेल.

आणि हेमांगी पूर्ण गाणं गायली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी तिच्याखाली उभी होते. शेवटी मानस एवढंच म्हणाला, "बैठ गया."

बाहेर फाटकाशी विश्वनाथराव स्कूटरला टेकून उभे होते. खिडकी उघडी होती. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार, कारण आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी "काय झालं?" असं विचारलंच नाही. "आज मला खरंच वेगळा ओळखू आला," एवढंच म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली. हेमांगी त्यांच्या पाठीला डोकं टेकवून घरापर्यंत बसली. मी दोघांच्या मध्ये होते, चेपून गेले, पण कुरकुर केली नाही.

आता मी म्हातारी झाले आहे, मित्रांनो. हेमांगी दुसऱ्या शहरात असते, तिथे माझी जागा तिच्या खाटेशेजारी आहे. पावसाळ्यात माझी मान अजून थोडी वाकते आणि ती किल्ली घेऊन बसते. तुमच्याही घरी एखादं जुनं वाद्य असेल, तर त्याला ओलीपासून जपा, तारा पुसत जा, आणि खोलून दुरुस्त करायला घाबरू नका. चुकाल, माझ्यासारखा एखाद्याचा सगळा साज उतरवून बसाल. तरी चालेल. पण तुमच्याबरोबर गाणाऱ्या कुणाचा आवाज तुमच्या गाण्यात बसत नसेल, तर त्याला गप्प करू नका. गाण्याची पट्टी बदलून बघा. फार वेळ लागत नाही, मी पाहिलंय.